अंतर बरोबर, वेळ अंदाजाचा : हवाई अंतर आणि उड्डाणकाळ सांगणाऱ्या संकेतस्थळांचे परीक्षण

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, कंपवाताचा त्रास आहे आणि तिला दर चार तासांनी गोळी घ्यावी लागते. गोळीला अर्धा तास उशीर झाला की आधी हात जड होतात, मग पाऊल उचलेनासे होते, आणि विमानातल्या अरुंद वाटेत अशी वेळ तिच्यावर येऊ नये याची काळजी घरातल्या सगळ्यांनाच असते. गेल्या वर्षी ती आणि भाऊजी हेलसिंकीहून टोकियोला जाणार होते, तेव्हा गोळ्यांचे वेळापत्रक करून देण्याचे काम माझ्याकडे आले. तिकिटे अजून हातात आली नव्हती, म्हणून दोन शहरांमधले अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारे एक संकेतस्थळ मी उघडले. दोन चौकटींत दोन नावे भरली आणि उत्तर आले : अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर, उड्डाणकाळ १० तास १४ मिनिटे. मी कागदावर लिहून टाकले : निघताना एक गोळी, चार तासांनी दुसरी, आठ तासांनी तिसरी आणि पुढची मुक्कामी पोहोचल्यावर.

चार दिवसांनी तिकिटे आली, तर त्यांवर प्रवासाचा वेळ १३ तासांच्या आसपास होता. भाऊजींना वाटले की विमान मध्ये कुठेतरी थांबत असेल, आणि मलाही तसेच वाटले. पण विमान थेट होते, वाटेत थांबा नव्हता. विमान हवेत असतानाच चौथ्या गोळीची वेळ येणार होती आणि माझ्या कागदावर ती गोळी नव्हतीच. चूक वेळेवर लक्षात आली म्हणून काही बिघडले नाही. मात्र इतक्या ठामपणे मिनिटांपर्यंत सांगितलेला आकडा पावणेतीन तासांनी कसा चुकतो, हे समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. पुढचे काही आठवडे मी या प्रकारची अनेक संकेतस्थळे शहरांच्या वेगवेगळ्या जोड्या देऊन तपासली, आणि हे परीक्षण त्या तपासणीतून लिहीत आहे. त्यांतली बरीचशी एकाच साच्यातली असल्याने त्यांचा विचार मी एकत्रच करतो आहे. ज्या दोन सेवा वेगळ्या आणि अधिक उपयोगी वाटल्या, त्यांची नावे पुढे येतील.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरोखरच चांगली आहे. अंतराच्या बाबतीत ही संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत. ती जे अंतर देतात ते नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले नसते. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्तावरचा मार्ग, ती मोजतात. विमान क्षेत्रातली माणसे यालाच ‘ग्रेट सर्कल’ अंतर म्हणतात. या अंतराचे मर्म ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी घरातला पृथ्वीगोल घ्यावा, माद्रिदवर बोटाने दोऱ्याचे एक टोक दाबून धरावे आणि दुसरे टोक न्यूयॉर्कवर नेऊन दोरा ताणावा. ही दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर, ४० अंश उत्तरेच्या थोडी वर आहेत, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात त्यांना जोडणारी सरळ रेषा पूर्व-पश्चिम आडवी जाते. ताणलेला दोरा मात्र आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर ४६ अंशांच्या पुढे पोहोचतो. अक्षांश धरून आडवे गेले तर अंतर सुमारे ५,९५० किलोमीटर भरते, दोऱ्याच्या मार्गाने ते सुमारे ५,७७० किलोमीटर होते. नकाशावर वाकडा दिसणारा मार्ग प्रत्यक्षात १८० किलोमीटरने जवळचा असतो. मी तपासलेल्या संकेतस्थळांपैकी एकानेही इथे चूक केली नाही.

काटेकोर वाचकांसाठी एक बारकावा सांगायला हवा. यांतली बहुतेक संकेतस्थळे पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे असे धरून हॅवरसाइन सूत्राने अंतर काढतात. पृथ्वी मात्र ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर भरते. या चपटेपणाचा हिशेब धरणारी पद्धत थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडली आणि चांगली साधने आजही ती वापरतात. दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. लांब पल्ल्याचे जेट विमान मिनिटाला चौदा-पंधरा किलोमीटर कापते, हे लक्षात घेतले तर टोकियोच्या प्रवासातही या फरकामुळे दोन-तीन मिनिटांहून अधिक चूक होत नाही. तेव्हा दोन संकेतस्थळांच्या आकड्यांत वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर कोणाचे खरे, या वादात पडण्याचे प्रवाशाला काही कारण नाही.

एकके मात्र डोळे उघडे ठेवून वाचावीत. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, तर विमान आणि जहाज चालवणारे वापरतात तो सागरी मैल बरोबर १.८५२ किलोमीटरचा. न्यूयॉर्क ते लंडन हे विमानतळ ते विमानतळ अंतर ५,५४० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,४४२ मैल किंवा २,९९१ सागरी मैल होते. एका संकेतस्थळावर या तीन आकड्यांपुढे ठळकपणे नुसते ‘मैल’ असे दोनदा लिहिलेले होते आणि त्यांतला सागरी कोणता हे खालच्या बारीक अक्षरांत होते. कोणी सागरी मैलांचा आकडा साधे मैल समजून किलोमीटरमध्ये आणला तर सातशे किलोमीटरहून जास्त अंतर गायब होते.

दुसरी काळजी जागेची घ्यावी लागते, कारण शहर आणि विमानतळ एका ठिकाणी नसतात. बरीच संकेतस्थळे शहराच्या मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंत अंतर देतात, विमान मात्र विमानतळावर उतरते. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून साठ किलोमीटरच्या आसपास दूर आहे. लंडनच्या नावाखाली तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे एकमेकांपासून दूर असलेले विमानतळ येतात. आकाशातल्या अंतराला या साठ किलोमीटरने फारसा धक्का लागत नाही, पण उतरल्यानंतरचा एक तास त्यावर ठरतो, आणि या प्रकारच्या एकाही संकेतस्थळाने मला त्याची जाणीव करून दिली नाही. नावांचा घोटाळा याहून गंभीर आहे. हैदराबाद भारतात आहे आणि पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातही आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही, सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि कॅलिफोर्नियातलेही एक मोठे शहर. काही संकेतस्थळे नाव भरताच कोणते शहर अभिप्रेत आहे ते विचारतात आणि ती चांगली म्हणावीत. काही मात्र न विचारता त्यांच्या मते मोठे असलेले शहर धरतात. विमानतळाचा तीन अक्षरी कोड भरायची सोय असेल तर तोच भरावा, कारण एक कोड एकाच विमानतळाचा असतो.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. अंतर एवढ्या काळजीने मोजणारी ही संकेतस्थळे उड्डाणकाळ मोजत नाहीत, तो भागाकाराने काढतात. मला हे समजले ते त्यांचीच उत्तरे उलटी सोडवून पाहिल्यावर. पाच जोड्यांसाठी मिळालेल्या वेळेतून प्रत्येकी अर्धा तास वजा केला आणि उरलेल्या वेळेने अंतराला भागले, तेव्हा पाचही वेळा उत्तर ताशी ८०५ किलोमीटर, म्हणजे ताशी बरोबर ५०० मैल आले. अंतर भागिले पाचशे मैल, अधिक चढण्या-उतरण्यासाठी तीस मिनिटे, एवढेच ते सूत्र आहे. त्यात ना विमानाचा प्रकार आहे, ना दिशा, ना ऋतू, ना वारा, ना कोणत्या देशाच्या आकाशातून जायची परवानगी आहे याचा विचार. साधा अंदाज म्हणून हे सूत्र वाईट नाही. पण ‘१० तास १४ मिनिटे’ असे लिहिले की वाचणाऱ्याला ते कोणीतरी मोजून सांगितले आहे असे वाटते, आणि माझा कागद नेमका तिथेच चुकला. ‘सुमारे १० तास, मार्ग व वारा यांनुसार बदलेल’ एवढे जरी लिहिले असते तरी मी तिकिटाची वाट पाहिली असती.

हे सूत्र कुठे मोडते ते अगदी छोट्या पल्ल्यावर ढळढळीत दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या दरम्यान नियमित विमानसेवा आहे. ते अंतर २.७ किलोमीटर आहे आणि उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपते, वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही झालेले आहे. सूत्राप्रमाणे त्याला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. हे उदाहरण टोकाचे आहे हे मान्य आहे, पण तीनशे-चारशे किलोमीटरच्या पल्ल्यावरही हीच अडचण येते. तिथे विमानाचा बराच वेळ चढण्यात, उतरण्यात आणि धावपट्टीकडे सरकण्यात जातो, आणि त्या मार्गावर पंख्याची लहान विमाने असतील तर ताशी ८०५ किलोमीटर हा वेग त्यांच्या आवाक्यातला नसतो.

लांब पल्ल्यावर सगळे गणित वाऱ्याच्या हाती जाते. लांब पल्ल्याची आजची विमाने ध्वनिवेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. हा वेग हवेच्या तुलनेत असतो आणि ती हवा स्वतः वाहत असते. मध्य अक्षांशांवर याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, आणि हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची नोंद केली होती. ती त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली आणि जगाचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आज त्याच वाऱ्यावर रोजचे मार्ग आखले जातात. उत्तर अटलांटिकवर विमानांसाठीच्या समांतर वाटा रोज नव्याने ठरतात : पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या वाटा पाठचा वारा मिळेल अशा, पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या समोरचा वारा टळेल अशा.

म्हणूनच न्यूयॉर्क ते लंडन आणि लंडन ते न्यूयॉर्क हे अंतराच्या दृष्टीने एकच असले तरी वेळेच्या दृष्टीने दोन निराळे प्रवास आहेत. वेळापत्रकात पूर्वेकडच्या प्रवासाला साधारण सात तास आणि पश्चिमेकडच्या प्रवासाला साधारण आठ तास दिलेले असतात. संकेतस्थळ मात्र दोन्ही बाजूंना ७ तास २३ मिनिटे हेच उत्तर देते, म्हणजे एका दिशेला थोडे जास्त आणि दुसऱ्या दिशेला बरेच कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. ते ध्वनीपेक्षा वेगाने गेले नव्हते, त्याला जेट प्रवाहाची प्रचंड साथ मिळाली होती.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो आणि सरासरी तीच राहते, असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटत होते. कागदावर करून पाहिल्यावर तो समज गेला. विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते आणि वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे असे धरू. ५,५४० किलोमीटर जाताना ताशी १,००० च्या वेगाने ५ तास ३२ मिनिटे लागतात, परत येताना ताशी ८०० च्या वेगाने ६ तास ५५ मिनिटे. एकूण १२ तास २७ मिनिटे झाले. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास १८ मिनिटे लागली असती. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, पाठच्या वाऱ्यात कमी. दोन्ही दिशांना एकच आकडा देणारे साधन सरासरीच्या बाबतीतही थोडे चुकतेच.

तरीही टोकियोच्या प्रवासातले पावणेतीन तास वाऱ्याने गेले नव्हते. ते गेले मार्गामुळे. हेलसिंकी ते टोकियो हा दोरा पृथ्वीगोलावर ताणला तर तो जवळजवळ सगळाच रशियावरून, सायबेरियाच्या माथ्यावरून जातो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने लगेच युरोपातल्या विमानकंपन्यांना आपले. तोवर साडेनऊ तासांच्या आसपास होणारा हा प्रवास त्यानंतर जवळजवळ १३ तासांचा झाला, कारण विमानांना एकतर दक्षिणेकडून, मध्य आशियावरून, वळसा घालावा लागतो किंवा उत्तरेकडून ध्रुवाच्या वाटेने जावे लागते. संकेतस्थळ अजूनही सायबेरियावरचाच दोरा मोजते. ते खोटे अंतर सांगत नाही, पण आज त्या वाटेने युरोपातली विमाने जात नाहीत ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते हे, कारण या बदलाला आता काही वर्षे झाली आहेत आणि ‘हा प्रत्यक्ष उड्डाणमार्ग नव्हे’ अशी एक ओळ लिहिणे अवघड नाही.

मार्ग लांब म्हणजे वेळ जास्तच, असेही नसते, आणि हे ज्या उदाहरणाने मला पटले ते इथे सांगण्यासारखे आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकच्या बाजूने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागले. पॅसिफिकचा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता, तरी पाठच्या वाऱ्यामुळे प्रवास दोन तासांच्या आसपास लवकर संपू लागला. जास्त अंतर आणि कमी वेळ ही जोडी भागाकाराच्या सूत्रातून कधीच बाहेर पडणार नाही.

मग तिकिटावरचा वेळ तरी काय असतो, हेही इथे नोंदवतो, कारण दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर गोंधळ होतो. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान दाराशी जोडलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीकडे सरकणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत वाट पाहणे हे सगळे त्यात येते. शिवाय विमानकंपन्या उशिराची थोडी तजवीज त्यात आधीच करून ठेवतात, म्हणून विमान ‘वेळेआधी पोहोचले’ अशी घोषणा इतक्या वेळा ऐकू येते. औषध, पुढचे विमान किंवा घ्यायला येणारा माणूस यांचे नियोजन करायचे असेल तर हाच वेळ कामाचा आहे, हवेतला नव्हे.

बऱ्याच संकेतस्थळांवर दोन शहरांमधला घड्याळाचा फरकही दिलेला असतो आणि तो भाग मला उपयोगी वाटला. मात्र प्रवासाची तारीख विचारणाऱ्याच साधनाचा फरक खरा मानावा. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात एरवी ५ तासांचा फरक असतो, पण अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले काही आठवडे हा फरक ४ तासांचा होतो. काठमांडूसारख्या शहराचे घड्याळ जागतिक वेळेच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे असते, आणि फरक पूर्ण तासांतच दाखवणारे एक संकेतस्थळ तिथे पंधरा मिनिटांनी चुकलेले मी पाहिले. आंतरराष्ट्रीय वाररेषा आडवी आली तर तारखेकडेही पाहावे लागते. ऑकलंडहून शनिवारी रात्री निघालेले विमान आठ-नऊ तास उडून होनोलुलूला पोहोचते तेव्हा तिथे शनिवारची सकाळ असते.

एवढे पाहून झाल्यावर मी स्वतः काय वापरतो ते सांगतो. अंतर पाहायचे असेल तर ग्रेट सर्कल मॅपर हे साधन मला सर्वांत प्रामाणिक वाटले. त्यात विमानतळांचे कोड भरायचे असतात, त्यामुळे नावांचा घोटाळा होत नाही. ते नकाशावर बृहद्वृत्त काढून दाखवते, एकापुढे एक अनेक टप्पे जोडता येतात, आणि वेळ हवा असेल तर वेग आपण स्वतः भरायचा असतो. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली, कारण वेगाचा अंदाज आपण केला आहे हे वापरणाऱ्याला विसरता येत नाही. मांडणी जुन्या वळणाची आहे आणि नवख्या माणसाला पहिली पाच मिनिटे जड जातात. एकदा हात बसला की दुसरे काही उघडावेसे वाटत नाही.

वेळ पाहायचा असेल तर कोणत्याही अंतरमापकाकडे न जाता फ्लाइटरडार२४ सारखी विमानांचा माग ठेवणारी सेवा उघडावी. विमाने स्वतःची जागा, उंची आणि वेग रेडिओ संदेशांतून सतत प्रसारित करत असतात. ते संदेश ठिकठिकाणी बसवलेली ग्राहकयंत्रे (रिसीव्हर) टिपतात आणि त्यांतून हा नकाशा तयार होतो. आपल्याला जायचे आहे त्याच क्रमांकाचे विमान गेल्या काही दिवसांत किती वाजता सुटले आणि किती वाजता टेकले, ते तिथे पाहता येते. ताईच्या विमानाचे मागचे सहा दिवस मी असे उतरवून घेतले. रोजचा वेळ थोडा वेगळा होता, पण कोणत्याही दिवशी तो बारा तासांच्या खाली आलेला नव्हता. मला जे हवे होते ते या सहा ओळींत होते. या सेवेत भविष्याचा अंदाज मिळत नाही, आणि प्रवास सहा महिन्यांवर असेल तर ऋतू बदललेला असतो हे ध्यानात ठेवावे लागते. हिवाळ्यातल्या नोंदी पाहून उन्हाळ्यातला प्रवास ठरवू नये.

साच्यातल्या अंतरमापक संकेतस्थळांना मी पाचपैकी तीन गुण देईन. अंतर, नकाशा आणि वापरायची सोय यांसाठी हे तीन आहेत. उड्डाणकाळासाठी एकही नाही, आणि त्याचे कारण अंदाज चुकतो हे नव्हे. अंदाज कसा केला ते लपवले जाते, हे त्याचे कारण आहे. गृहीत धरलेला वेग आकड्याशेजारी लिहिला, मिनिटे गाळून वेळ तासांच्या पल्ल्यात दिला आणि पूर्व-पश्चिम प्रवासांना निराळे आकडे दिले, तर मी हे मत आनंदाने बदलेन. शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवायला, दोन ठिकाणे किती दूर आहेत याची कल्पना घ्यायला, किंवा प्रवास अर्ध्या दिवसाचा की पूर्ण दिवसाचा हे चाचपून पाहायला ती जरूर वापरावीत. ज्यांच्या हातात औषधाची डबी आहे, ज्यांना दीड तासात दुसरे विमान पकडायचे आहे, किंवा ज्यांच्यासोबत तान्हे मूल आहे, त्यांनी वेळेची ओळ न वाचता पुढे जावे.

ताईसाठी मी कागद पुन्हा लिहिला. वेळा हेलसिंकीच्या किंवा टोकियोच्या घड्याळात न लिहिता ‘निघाल्यापासून चार, आठ, बारा तास’ अशा लिहिल्या, आणि बारापुढे लाल पेनने गोल केला. भाऊजींनी मनगटावरचे घड्याळ प्रवासभर बदललेच नाही, त्यामुळे तास मोजणे सोपे गेले. जाताना विमान दक्षिणेच्या वाटेने गेले. परतीचे विमान उत्तरेकडून आले, आणि आठ तासांची गोळी घेतली तेव्हा समोरच्या पडद्यावरचे छोटे विमान उत्तर ध्रुवापाशी होते, असे ताईने घरी आल्यावर सांगितले. लाल गोलातली गोळी तिने लॅपलंडवर असताना घेतली आणि तासाभराने हेलसिंकीला विमानातून ती स्वतःच्या पायांनी चालत उतरली.